बादलीभर लडाख

लेहला जाऊन आलेल्या मराठी माणसाला आल्याबरोबर दोन प्रश्न विचारले जातात. पहिला, "दम लागला का हो?" आणि दुसरा, "सोय कशी होती?" पहिल्याचं उत्तर तो छाती फुगवून देतो, कारण साडेअकरा हजार फुटांवर जाऊन आल्यावरही आपली छाती फुगते हे त्याला दाखवायचं असतं. दुसऱ्या उत्तराला मात्र पाऊण तास लागतो. त्या पाऊण तासात सिंधू नदी येत नाही, गोम्पा येत नाहीत, सेंगे नामग्याल राजाचा नऊमजली राजवाडा येत नाही. येतं ते फक्त पाणी. गरम पाणी किती वाजता यायचं, किती वाजता जायचं, माणशी बादल्या किती मिळायच्या आणि शेवटी आपण त्या मॅनेजरला कसा सरळ केला!

माझं भांडण या 'सोय' नावाच्या दैवताशी आहे. तेहतीस कोटींत त्याची गणना नाही, पण प्रवासाला निघालेला मध्यमवर्ग मनोभावे पूजतो तो हाच देव. त्याची आरती प्रवासी कंपन्यांच्या जाहिरातीत छापलेली असते. "घरच्यासारखं जेवण, घरच्यासारखी खोली, चोवीस तास गरम पाणी!" अहो, सगळं घरच्यासारखंच हवं असेल तर घर काय वाईट होतं? तिथे निदान विमानाचं तिकीट लागत नाही आणि दमही लागत नाही. म्हणजे, लिफ्ट चालू असेल तर.

शिवाय हे 'घरच्यासारखं' म्हणणंही खरं नव्हे. आमच्या ग्रुपमध्ये चोवीस तास पाण्यासाठी सर्वांत वरच्या पट्टीत भांडणारे गृहस्थ बँकेतून निवृत्त झालेले, राहणार पुण्याच्या एका उपनगरात. त्या भागात मे महिन्यात टँकरचा भोंगा वाजला की लोक दाराला कुलूप न लावता खाली धावतात, हे मला ठाऊक आहे, कारण माझा मेहुणा तिथेच राहतो. स्वतःच्या घरी हे गृहस्थ एका बादलीत आंघोळ करतात, त्याच पाण्यात पायपुसणं धुतात आणि उरलेलं कुंडीतल्या तुळशीला घालतात. लेहला मात्र त्यांना शॉवर हवा होता. का? तर, "पैसे मोजलेत!"

सोय या दैवताचा हा मूळ मंत्र. "पैसे मोजलेत!" एकदा तो म्हटला की भूगोल रद्द होतो. म्हणून, माफ करा, थोडा भूगोल सांगतो. शाळेत आपण तो पाठ केला होता, पण पैसे मोजल्यावर विसरला.

लेहला वर्षाला पाऊस पडतो सुमारे शंभर मिलिमीटर. हा आकडा नीट कळावा म्हणून आपल्या ओळखीचा एक आकडा शेजारी ठेवतो. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. म्हणजे लेहचा नऊ वर्षांचा पाऊस सांताक्रूझने एका दिवसात, तोही नको असताना, पदरात पाडून घेतला. लेह हे वाळवंट आहे. उंटांची दोन मदारींची जात नुब्रा खोऱ्यात दाखवतात म्हणून नव्हे, तर पाऊसच नाही म्हणून. जे पाणी आहे ते मागच्या डोंगरांवरच्या बर्फाचं आणि छोट्या छोट्या हिमनद्यांचं. उन्हाळ्यात ते वितळतं, ओढ्याने खाली येतं, पाटांत शिरतं आणि त्यावर जव, गहू, वाटाणे, जर्दाळू, भाजी आणि माणसं जगतात. विमानातून खाली पाहिलं की उघड्या तपकिरी डोंगरांत मध्येच हिरव्या मखमलीचा तुकडा शिवल्यासारखा दिसतो. तो तुकडा जिथे संपतो तिथे पाट संपलेला असतो. सगळा देश पाण्याने आखलेला आहे, आणि आपण विचारतो, "गीझर किती लिटरचा आहे?"

लेहला उतरल्यावर पहिले एक-दोन दिवस नुसतं पडून राहायचं असतं. हवेतला प्राणवायू आपल्याकडच्या दोनतृतीयांशाच्या आसपास, त्यामुळे शरीराला सवय व्हायला वेळ लागतो. "पैसे भरून पडून राहायचं?" असं म्हणत आमचा ग्रुप पडून राहिला आणि पडल्या पडल्या करण्यासारखं दुसरं काही नसल्यामुळे पाण्याच्या चौकशीला लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी काउंटरवर सभा भरली. काउंटरमागे एक विशीतला लडाखी मुलगा, गालांवर उन्हाने भाजलेले दोन लाल ठिपके. समोर आमचे निवृत्त बँक अधिकारी, गळ्यात मफलर, तोंडात राष्ट्रभाषा.

"एक बादली में हमारा क्या होता है? हमको दो बादली होना!"

मुलाने खिडकीतून वर पाहिलं. आभाळ निळंशार. "नहीं सर, आज बादल नहीं है. मौसम साफ है."

"बादल नहीं रे! बादली, बादली! दो बादली! आंघोल कैसा करेगा हम? हमने पैसा मोज्या है!"

सगळे हसले. मुलगा हसला नाही. तो म्हणाला, "दो बादल नहीं चाहिए सर. दो हज़ार दस में एक ही आया था."

कुणीतरी त्याला 'बालटी' हा शब्द पुरवला आणि प्रकरण मिटलं. मंडळी विनोद पाठ करत आपापल्या खोल्यांत गेली. पुण्याला परतेपर्यंत तो निदान चाळीस वेळा सांगून झाला असेल. मुलाचं शेवटचं वाक्य मात्र कुणी सांगितलं नाही. २०१० साली पाच आणि सहा ऑगस्टच्या मधल्या रात्री लेहवर ढगफुटी झाली. जिथे पाऊसच नाही तिथली घरं मातीच्या विटांची, धाबी सपाट. डोंगरावरून चिखलाचे लोंढे आले. लेहचं बसस्थानक, चोगलमसरची वस्ती, वाटेत जे सापडलं ते गेलं. दोनशेहून अधिक माणसं मेली. म्हणजे या गावाला पाणी कमी पडलं तरी जीव जातो आणि जास्त पडलं तरी जातो. पाण्याशी इतक्या नाजूक काट्यावर संसार करणाऱ्या माणसांपुढे उभं राहून आपण दुसऱ्या बादलीसाठी मफलर झटकतो!

तिसऱ्या दिवशी ग्रुप नुब्राला निघाला. वाटेत खारदुंग ला. तिथे कित्येक वर्षं १८,३८० फूट अशी पाटी होती. नव्या मोजणीत ही खिंड साडेसतरा हजारांच्या थोडी वर भरली. आठशे फूट कमी झाले, फोटो मात्र कमी झाले नाहीत. आम्ही दोघं मागे राहिलो आणि टॅक्सी करून सिंधूच्या काठाने खाली, अलचीच्या बाजूच्या एका गावात, एका घरी दोन रात्री राहायला गेलो. या दोन रात्रींनी मला हा लेख लिहायला दारूगोळा पुरवला, म्हणून त्यांचा हिशेब देतो.

घरच्या म्हातारबाईंना सगळे 'आमा-ले' म्हणत. आमा म्हणजे आई, आणि 'ले' हा आपल्या 'राव'सारखा, 'जी'सारखा मान. त्यांच्या घराला लागून पाट वाहत होता. सकाळी बायको हातात साबणाची वडी घेऊन पाटाकडे निघाली तशी आमा-ले लगबगीने आल्या आणि हाताने 'नको, नको' केलं. भांड्यात पाणी घ्या, बाजूला जाऊन वापरा, पण पाटात साबण नाही. खालच्या घरचे तेच पाणी घेतात. शिवाय पाण्यात 'लु' राहतात. पाणी घाण केलं तर ते कोपतात. आपल्याकडे विहिरीवर साती आसरा असतात तसे. आसरांना आपण आजही नारळ फोडतो, फक्त त्याच विहिरीत प्लॅस्टिकच्या पिशवीसकट निर्माल्य टाकतो. लेहच्या बायकांच्या संघटनेने १९९८ सालीच गावात प्लॅस्टिकच्या पिशव्या बंद करायला लावल्या. शहाण्यासुरत्या महाराष्ट्राला तेवढी बुद्धी व्हायला २०१८ उजाडलं, आणि ती बुद्धीही अंगवळणी पडली आहे असं भाजीवाल्याकडे उभं राहिल्यावर वाटत नाही.

पाटाचं पाणी कुणी, किती वेळ घ्यायचं हे ठरवायला लडाखच्या गावांत 'चुरपोन' असतो. गावानेच निवडलेला पाण्याचा कारभारी. आज याच्या शेताला, उद्या त्याच्या. दगड-माती लावून एक तोंड बंद करायचं, दुसरं उघडायचं. हे ऐकून मला आमच्या खानदेशातला पाटकरी आठवला. पांझरा-मोसमच्या काठी फड पद्धतीत पाटकरी हेच काम पिढ्यान् पिढ्या करत आला. पाटकऱ्यापुढे गावचा पाटीलही "मी पैसे मोजलेत" म्हणू शकत नसे. पाणी पाळीने मिळतं, पैशाने नाही, हा कायदा आपल्यालाही एके काळी पाठ होता.

आणि गंमत अशी, की पाण्याची खरी ओढाताण असते ती आपण तिथे नसतो तेव्हा. पेरणी एप्रिल-मेमध्ये, आणि वरच्या हिमनद्या नीट वितळतात जूननंतर. मधल्या काळात शेत तोंड वासून बसतं. यावर चेवांग नॉरफेल नावाच्या सरकारी नोकरीतल्या लडाखी इंजिनिअरने १९८०च्या दशकापासून एक उपाय केला. हिवाळ्यात वाया जाणारं ओढ्याचं पाणी गावाच्या जवळ, डोंगराच्या सावलीत वळवायचं, लहान लहान बांधांमागे पसरवायचं आणि गोठू द्यायचं. हा बर्फ खालच्या उंचीवर असल्यामुळे लवकर वितळतो आणि पेरणीला पाणी देतो. त्यांना २०१५ साली पद्मश्री मिळाली. पुढे २०१३-१४च्या हिवाळ्यापासून सोनम वांगचुक आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी बर्फाचे स्तूप केले. वरून नळाने पाणी आणायचं, ते आपल्याच दाबाने कारंज्यासारखं उडतं, उणे वीसच्या रात्रीत पडता पडता गोठतं आणि शंकूसारखा डोंगर उभा राहतो. शंकूला ऊन कमी लागतं म्हणून तो वसंतापर्यंत टिकतो. म्हणजे ही माणसं हिवाळाभर रात्री जागून पाणी गोठवून ठेवतात. सहाव्या महिन्यात आपण जातो आणि टबबाथ आहे का विचारतो.

आता एका नाजूक विषयाकडे वळतो. चहा पीत असाल तर कप खाली ठेवा.

त्या घरातला संडास लडाखी पद्धतीचा होता. मातीची दुमजली खोली. वरच्या मजल्यावर जमिनीत एक चौकोनी भोक, कोपऱ्यात कोरड्या मातीचा ढीग आणि एक फावडं. काम झालं की दोन फावडी माती खाली लोटायची. खालच्या मजल्याला दार. माती, राख आणि बाकीचं यांचं वर्षभरात खत होतं आणि वसंतात घरचीच माणसं ते शेतावर नेतात. ते वाहायला कुणाची जात नेमलेली नाही. नाक मुरडायची मी तयारी करून गेलो होतो, पण त्या कोरड्या थंडीत मुरडण्यासारखा वासच नव्हता. आपल्याकडच्या कुठल्याही बसस्टँडवर याच्या शतपट मुरडावं लागतं, आणि तिथे तर म्हणे फ्लश असतो.

आपल्या भाषेत या खताला शब्द आहे, 'सोनखत'. ज्याला आपण नाक मुरडतो त्याला आपल्या आज्यापणज्यांनी सोनं म्हटलं! कणकवलीच्या गोपुरीत आप्पासाहेब पटवर्धनांनी मैल्याचं खत करणाऱ्या संडासांसाठी आयुष्याची वर्षं घातली. कुणाच्या डोक्यावर मैल्याची पाटी राहू नये आणि शेताचं शेताला मिळावं, ही त्यामागची तळमळ. आपण आप्पासाहेबांना 'कोकणचे गांधी' ही पदवी दिली आणि संडास आणला इंग्रजी!

लेहच्या हॉटेलांतही आता तोच आहे, कारण आपण तो मागतो. हिशेब करा. बटण दाबलं की सहा ते दहा लिटर पाणी. तीस जणांचा ग्रुप, साडेअकरा हजार फुटांवर बिघडलेली पोटं, माणशी पाच खेपा धरल्या तर दिवसाला हजार-बाराशे लिटर नुसतं लोटून द्यायला. हे पाणी हिमनदीचं, आपण घरी पितो त्याहून चांगलं! ओढा पुरत नाही म्हणून हॉटेलं बोअरवेल मारतात. सांडपाण्याच्या वाहिन्या सगळ्या गावाला पुरत नाहीत, म्हणून पुष्कळ ठिकाणी ते पाणी शोषखड्ड्यात जातं. वरून शोषखड्डा आणि खालून बोअरवेल. यापुढचं गणित मी सोडवत नाही, तुम्ही अजून चहाचा कप उचलला असेल.

आणि आपण थोडेथोडके नाही. लडाख पर्यटकांना खुलं झालं १९७४ साली. त्या पहिल्या वर्षी जेमतेम पाचेकशे पाहुणे आले. २०२२ साली आले पाच लाखांवर. २०११च्या जनगणनेत सगळ्या लडाखची लोकसंख्या होती पावणेतीन लाखांच्या आत. म्हणजे घरात दोन माणसं आणि पाहुणे चार, तेही सगळे उन्हाळ्याच्या चार-पाच महिन्यांत, आणि प्रत्येक जण म्हणतोय, "पैसे मोजलेत!"

हे पाहुणे येऊन बघतात काय? 'पॉइंट'. पँगाँगला चौदा हजार फुटांच्या आसपास निळं, खारट, शंभर किलोमीटरहून लांब पाणी पसरलेलं आहे. त्याच्या काठी लोक रांग लावतात ती पाणी बघायला नव्हे, तर '३ इडियट्स'मधल्या पिवळ्या स्कूटरवर बसून फोटो काढायला. सिनेमा २००९चा. त्यात दिसलेल्या शेजवळच्या शाळेत पर्यटकांच्या इतक्या झुंडी लोटल्या की मुलांना अभ्यास करणं कठीण झालं, आणि २०१८ साली शाळेला पर्यटकांना आवारात येऊ द्यायचं नाही असं ठरवावं लागलं. २०२२च्या एप्रिलमध्ये काही वीरांनी पँगाँगच्या पाण्यात मोटार घातली आणि त्याची चित्रफीत देशभर फिरली. तिथे खायच्या-प्यायच्या वस्तूही मांडलेल्या दिसत होत्या. बहुधा घरच्यासारख्या.

गोम्पांची गत याहून बरी नाही. आमच्या ग्रुपने एका सकाळी शे, ठिकसे आणि हेमिस असे तीन उरकले. ठिकसेला मैत्रेय बुद्धाची दोन मजले व्यापणारी मूर्ती आहे, जवळजवळ पन्नास फुटी. तिच्या चेहऱ्यासमोर उभं राहून एका वहिनींनी विचारलं, "इथे वॉशरूम कुठे आहे हो?" दुसरे म्हणाले, "एक पाहिला की सगळे पाहिले." अलचीला आठ-नऊशे वर्षांपूर्वीची चित्रं भिंतीवर आहेत, इतकी बारीक की बोधिसत्त्वाच्या धोतरावर राजे शिकार करताना दिसतात. पण आत फोटो काढू देत नाहीत, म्हणजे ती न पाहिल्यातच जमा.

याचं वाईट जास्त वाटतं ते आपण महाराष्ट्रातले म्हणून. बुद्ध आपल्याला परका नाही. कार्ले, भाजे, अजिंठा, जुन्नर आपल्याच डोंगरांत आहेत. मुंबईच्या पोटात कान्हेरी आहे, शंभराहून अधिक लेणी. तिथे मूर्तीच्या जरा बाजूला पाहिलं तर लेण्यांपाशी दगडात कोरलेली पाण्याची टाकी दिसतात. जुन्या शिलालेखांत त्यांना 'पोढी' म्हटलंय. कुणी व्यापाऱ्याने, कुणी बाईने भिक्षूंसाठी पोढी खोदून दिली, तर तिचा लेख कोरला जाई. हजारो मिलिमीटर पावसाच्या मुलखात राहूनही ती माणसं टाक्यांत पाणी साठवत आणि पुरवून वापरत. पाणी देणं हे त्यांना पुण्य वाटत होतं. उधळणं ही सोय वाटत नव्हती. आणि इतकं मागे कशाला जायचं? २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं. ती गाडी टीव्हीवर पाहून आपण हळहळलो. आज लातूरच्या माणसाच्या दारात उभं राहून कुणी "मला दोन बादल्या, मी पैसे मोजलेत" म्हटलं, तर त्याचं काय होईल हे सांगायला नको. मग लेहच्या माणसाने का ऐकून घ्यायचं? तो 'जुले' म्हणून हसतो म्हणून?

यावर आमचे बँकवाले काय म्हणतील तेही मला ठाऊक आहे, कारण परतीच्या विमानात ते माझ्या शेजारी होते. "अहो, आपण गेलो नाही तर ते खातील काय?" हा प्रश्न मोठा उदार वाटतो. पण पर्यटक यायच्या आधी शेकडो वर्षं ते खात होतेच. आज पर्यटनावर कितीतरी घरं चालतात, मुलं शिकतात, हे खरं. कुणी त्यांना जुन्या काळात परत पाठवावं असं मी म्हणत नाही. पण पोटासाठी पाहुणा हवा आणि पाहुण्यासाठी विहीर कोरडी करावी लागते, ही पाळी आणली कुणी? "फ्लश तर त्यांनीच बसवलेत ना!" हो. आपल्यातल्या पाच-पंचवीस जणांनी खोलीत डोकावून "शी!" म्हटल्यावर बसवलेत. गिऱ्हाइकाच्या 'शी'ला बाजारात फार किंमत असते. ती किंमत कुठे लावायची, हे मात्र गिऱ्हाइकाच्या हातात आहे.

"मग काय, जायचंच नाही?" जायचं. जरूर जायचं. पण सात दिवसांत अकरा पॉइंट नकोत. एखाद्या गावात चार दिवस राहावं. आंघोळ रोज नसली तरी चालते. "पारोशाने गोम्प्यात कसं जायचं?" असं आमच्या ग्रुपमधल्या एक आजी विचारत होत्या. जावं, बुद्धाची हरकत नसावी. हॉटेलात विचारायचंच असेल तर "कोरडा संडास आहे का?" असं विचारावं, दहा जणांनी विचारलं तर अकराव्यासाठी तो बांधला जाईल. पाण्याची बाटली घरून न्यावी आणि तीच भरून घ्यावी. आणि जेवायला पुरणपोळी मागू नये. लेहला पुरणपोळी देणाऱ्या सहली निघतात, तेवढ्या उंचीवर डाळ शिजायला किती गॅस जळतो याचा त्यांच्या माहितीपत्रकात उल्लेख नसतो. आमा-लेंनी रात्री 'स्क्यू' केलं होतं. कणकेचे अंगठ्याने दाबलेले तुकडे, बटाटे, गाजरं, पालेभाजी, सगळं एकत्र रटरटवलेलं. बायकोने एक घास खाल्ला आणि म्हणाली, "अहो, या तर चकोल्या!" सकाळी भाजलेल्या जवाचं पीठ आलं, तेही आपल्या सातूच्या पिठाचं सख्खं भावंडं. घरच्यासारखं जेवण हवं होतं ना? ते तिथे आधीपासूनच होतं. फक्त जाहिरातीत नव्हतं.

एवढं करूनही कुणी तुमच्या खोलीत सकाळी दुसरी बादली आणून ठेवलीच, तर ती परत पाठवा. परत नेत नसतील आणि पाणी उरलंच, तर मोरीत ओतून देऊ नका. खिडकीखाली जर्दाळूचं झाड असतं, त्याला घाला. त्या बिचाऱ्याने पैसे मोजलेले नाहीत.